विलास, तुझं पान माझ्याकडे आहे

सन दोन हजार आठ, आणि मी सहासष्ट वर्षांचा. एवढं वय झालं की माणसाला भीती वाटायची बंद होते, असा माझा समज होता. तसं काही नसतं, विलास. सकाळी दाराची कडी काढायच्या आधी मी फटीतून बघतो, बाहेर कोण उभं आहे. कोणी नसतं. नळावर बायका असतात, एखादा कारागीर दात घासत असतो. तरी कडीवरचा हात थोडा वेळ तिथेच राहतो.

तुझे संपादक म्हणाले, "मुकादम, विलासवर अंक काढतोय, तुम्ही लिहा." मी म्हटलं, मी तिसरी शिकलेला, मला सही येते आणि पेपर वाचता येतो, तोही बोट ठेवून. ते म्हणाले, बोलता तसं बोला, आम्ही उतरवून घेतो. म्हणून बोलतोय, तुझ्याशीच. तुझा जन्म कुठला, तू किती वर्षं पत्रकार होतास, ते शिकलेली माणसं लिहितील. मला फक्त एका कागदाचं बोलायचंय.

तो कागद म्हणजे तुझ्या वहीचं फाडलेलं पान. त्याच्यावर तुझं अक्षर, खाली माझी सही. दोन महिने तो आमच्या घरात मांडणीवर होता, डब्यांखाली तुझ्याच साप्ताहिकाचा जुना अंक अंथरलाय, त्याच्याखाली. तुला सगळं माहीत आहे, पण वाचणाऱ्याला कळावं म्हणून सांगतो. आम्ही राहतो ती खोली सेठची. ज्या कारखान्यात मी तीस वर्षं माग दुरुस्त करतोय, तो सेठचा. माझा महेश सुपरवायझर आहे, तोही सेठच्याच दुसऱ्या कारखान्यात. आणि त्या पानावर जे लिहिलंय ते सेठला नको असलेलं आहे. हे छापून येईल तेव्हा आमची भांडी याच खोलीत असतील की खारबावला भावाच्या ओटीवर, मला माहीत नाही.

आपली ओळख झाली भिवंडीत, धामणकर नाक्यावर, चहाच्या टपरीवर. मी तुझं साप्ताहिक मोठ्याने वाचत होतो, कारण मनात वाचता येत नाही मला. एका बातमीवर मी म्हटलं, "ह्याच्यात मीठ न्हाय." बाजूला एक दाढीवाला चहा पीत होता. तो म्हणाला, "किती टाकायला पाहिजे होतं?" मी म्हटलं, "माणूस मेलाय आन् हा असा लिवतो जसा काय लाइटचा खांब पडला." तो म्हणाला, "मीच लिहिलीये." मला वाटलं आता भांडण होणार. तू आणखी दोन कटिंग सांगितलेस.

मग ते रोजचंच झालं. अंजूरहून शेअर रिक्षाने यायचास, उतरलास की आधी टपरी. अंक माझ्यापुढे टाकायचास.

"वाचा मुकादम. चव सांगा."

"अळणी."

"मागच्या आठवड्यापेक्षा?"

"मागच्या आठवड्यात निदान चुलीवर होतं. ह्या येळेला पाणीच."

तू हसायचास. पण एक ओळ बदलायचा नाहीस. तुझ्या बातम्या सगळ्या गरिबांच्याच असायच्या. कोणाचा हात मागात गेला, कोणत्या गोडाऊनमधल्या बायकांना हातमोजे नाहीत, कोणत्या वस्तीची पाण्याची लाइन तोडली. पण लिहायचास कसं, तर नाव, वय, वेळ, काय झालं, कोणी काय करायला पाहिजे होतं आणि केलं नाही. बास. अकरा ओळी, जास्तीत जास्त बारा. मी म्हणायचो, अरे, तुझं काळीज कुठे आहे यात? वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं नाही तर तो पुढे कशाला येईल?

एकदा तू चिडलास. पहिल्यांदाच. म्हणालास, "मुकादम, मी रडून पाहिलंय." मग ते सांगितलंस. तू नवीन होतास तेव्हा मागासाठी सुताची कांडी भरणाऱ्या एका बाईचे केस मशीनमध्ये गेले. तू अर्धं पान लिहिलंस. तिची वेणी, तिची मुलगी, तिच्या आईने विकलेली बकरी, सगळं. लोक ढसाढसा रडले. पार मुंबईहून साड्या आल्या. तिला शिलाई मशीन मिळालं, ते देतानाचा फोटो आला, फोटोत तिचा मालकही होता. तुला बक्षीस मिळालं. आणि त्या कांडीच्या मशीनला जी जाळी पाहिजे होती ती कोणी बसवलीच नाही. आठ महिन्यांनी दुसऱ्या बाईचे केस गेले.

"लोक एकदा रडले ना मुकादम," तू म्हणालास, "की त्यांना वाटतं आपण काहीतरी केलं. रडून हलके होतात आणि घरी जातात. मला त्यांना हलकं करायचं नाहीये."

मी हट्टी. मी म्हटलं, "म्हणजे तुला काय वाटतं ते आम्ही विचारायचंच न्हाय?"

"मला काय वाटतं त्याने काय होतंय? जाळी बसली का ते विचारा."

हे भांडण आपलं संपलं नव्हतं. मला वाटायचं, घाई काय आहे.

मग रामदुलारचं झालं.

रामदुलार आमच्या शेडमधला कारागीर, यूपीचा. चौतीस वर्षांचा, बारीक, मागाच्या आवाजापेक्षा मोठ्याने गाणं म्हणणारा. त्याच्या मागाची अर्थिंगची तार तुटली होती आणि लोखंडात करंट उतरायचा. हात लावला की झिणझिण्या. मी सेठला तीनदा सांगितलं. सेठ तीनदा "देखते हैं" म्हणाला. मग आम्ही सगळे मुकादम करतो तेच मी केलं. मागापुढे लाकडाची फळी टाकली आणि सांगितलं, तिच्यावर उभा राहूनच काम कर. भिवंडीत अशा फळ्या किती असतील, जाऊन बघा. आम्हाला ती दुरुस्तीच वाटते. मलाही वाटायची. मी त्याला म्हणायचो, "अब तू राजा, तेरा सिंहासन."

त्या सोमवारी सकाळी बाजूच्या मागावर सुताचा नवा बीम चढवायचा होता. जड असतो, खाली टेकू लागतो. मी रामदुलारची फळी ओढली आणि टेकू लावला. बीम चढला. फळी तिथेच राहिली. दुपारी रामदुलार भिशीतून, म्हणजे कारागिरांच्या खाणावळीतून, जेवून आला, हात धुतलेले, पाय ओले, आणि माग सुरू करायला त्याने दांड्याला हात घातला.

मी बारा पावलांवर होतो. गाणं मध्येच थांबलं, एवढंच मला कळलं.

सेठने गाडी मागवली. बाकीच्यांना सांगितलं, दवाखान्यात नेतोय. माणूस गेलेला होता, आम्हाला दिसत होतं. संध्याकाळच्या शिफ्टला तोच माग सुरू झाला. तार मात्र तासाभरात जोडली. रामदुलारची तंबाखूची डबी मागाच्या चौकटीवर तशीच होती. दुसऱ्या शिफ्टचा कारागीर आला, त्याने डबी उघडली, तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि कामाला लागला. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी अंजूरला तुझ्या घरी आलो. रिक्षातून उतरल्यावर दोनदा मागे वळून बघितलं. तुमच्या घरापुढे शेत होतं, आता गोडाऊनची भिंत आहे, त्या भिंतीच्या सावलीत एक माणूस बिडी ओढत बसला होता. तो गोडाऊनचा वॉचमन होता. पण मी आत येऊन पहिलं दार लावलं.

सगळं सांगितलं तुला. तारेचं, तीनदा सांगितल्याचं, शिफ्टचं, डबीचं. आणि फळीचं. ते का सांगितलं मला अजून कळत नाही. तू विचारलं नव्हतंस. तू लिहीत होतास, मान वर न करता, आणि माझ्या तोंडातून गेलं, "फळी सकाळी मीच काढली होती." तुझं पेन थांबलं नाही. तेही लिहिलंस.

तुझी पद्धत होती. सगळं लिहून झालं की वाचून दाखवायचं. माझंच बोलणं तू मला वाचून दाखवलंस, एका आवाजात, रडू नाही, राग नाही, बाजारातली यादी वाचावी तसं. फळीची ओळ आली तेव्हा मी भिंतीकडे बघत होतो. मग विचारलंस, "बरोबर आहे?" मी म्हटलं, बरोबर. "सही करा." मी केली.

मी म्हटलं, "माझं नाव टाकू नको. मला पोरगा हाय. खोली सेठची हाय."

तू पान फाडलंस, घडी घातलीस आणि माझ्या हातात दिलंस. म्हणालास, "मग हे माझ्याकडे नको. माझ्या वहीत तुमचं नाव कुठेच राहणार नाही. ज्या दिवशी हिंमत होईल त्या दिवशी परत आणा. नाही झाली तर नका आणू."

"आन् तुला कोणी विचारलं, कोणी सांगितलं म्हणून?"

"तर मी सांगणार नाही. ते माझं काम आहे."

इतकं सोपं बोललास, की मला वाटलं ते सोपंच असेल.

बातमी आली. मी टपरीवर वाचली, बोट ठेवून. शहरातील एका यंत्रमाग कारखान्यात सोमवारी दुपारी विजेचा धक्का लागून रामदुलार या चौतीस वर्षांच्या कामगाराचा मृत्यू झाला. यंत्राची अर्थिंगची तार तुटलेली होती. ती जोडण्याची मागणी तीन वेळा करण्यात आली होती, असे कारखान्यातील जाणकाराने सांगितले. घटनेनंतर तासाभरात तार जोडण्यात आली. त्याच संध्याकाळी यंत्र सुरू करण्यात आले. अशा अकरा ओळी. डबी नाही. गाणं नाही. त्याच्या गावी कोण आहे ते नाही.

मी पेटलो. तू आल्या आल्या सगळ्या टपरीसमोर म्हटलं, "डबी कुठाय? एवढं पोटातलं काढून दिलं तुला, आन् तू खांब पडल्याची बातमी केलीस. तुला काय वाटतच न्हाय. ज्याला वाटत न्हाय त्याने गरिबाचं लिवू नये."

चहावाला मध्ये पडला, "काका, बस करो ना." मी उठून गेलो.

आता एक गोष्ट कबूल करतो, कारण तू ऐकणार नाहीस. बातमीत डबी नव्हती तशी फळीही नव्हती. ते मी बघितलं होतं. पहिल्याच वाचनात बघितलं होतं. बोट त्या जागी थांबलं होतं. आणि मी डबीवरून ओरडलो, म्हणजे फळीचं कोणी बोलायला नको.

नंतर चौकशी लागली. कामगार कार्यालयातून साहेब आले. सगळ्या कारागिरांनी सांगितलं, तार ठीक होती. मला विचारलं. मीही सांगितलं, तार ठीक होती. सेठ बाजूलाच उभा होता आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून होता. हलका हात. तो हात मला अजून जाणवतो, आंघोळ करताना सुद्धा. मग सेठने तुमच्या साप्ताहिकाला वकिलाची नोटीस पाठवली. बातमी खोटी, जाणकार कोण ते दाखवा, नाहीतर माफी छापा. तुला कामगार कार्यालयात बोलावलं. तू गेलास आणि नाव सांगितलं नाहीस. हे सगळं मला महेशकडून कळायचं, कारखान्यात सगळे बोलायचे. मी टपरीवर जाणं बंद केलं. घराबाहेर मोटारसायकल थांबली की मी मांडणीकडे बघायचो.

दसऱ्याच्या आधी बायकोने मांडणी साफ केली, सगळे जुने पेपर काढले. मी कामावरून आलो तर रद्दीवाल्याची गाडी दारात आणि आमची रद्दी तराजूत. मी वेड्यासारखा त्यात हात घातला. रद्दीवाला घाबरला. बायको दारातून बघत होती. आत आलो तर तिने कागद माझ्या हातात दिला.

"वाचता येत न्हाय मला," ती म्हणाली, "पण लपवलेला कागद वळखता येतो."

तिने नवीन अंक अंथरला आणि पान माझ्या हातातून घेऊन त्याच्याखाली सारलं. कसला कागद, विचारलं नाही.

आपली शेवटची भेट. ती मला कोणालाच सांगावीशी वाटत नाही, पण लिहिलं नाही तर हे सगळं लिहिणं खोटं. मी नाक्यावर भाजी घेत होतो. तू समोरून आलास. बारीक झाला होतास, शर्ट खांद्यावरून उतरत होता. बाजूला माणसं होती. तू अगदी हळू विचारलंस, "मुकादम, पान आहे ना नीट?"

मी म्हटलं, "कसलं पान?"

तू माझ्याकडे बघितलंस. मग हसलास. तेच टपरीवरचं हसू. म्हणालास, "बरोबर. कसलं पान." आणि रिक्षाच्या लाइनीत जाऊन उभा राहिलास. मी मेथीची जुडी हातात धरून उभा होतो. रिक्षा भरायला वेळ लागला. तेवढ्या वेळात मी वीस पावलं चाललो असतो तर पोचलो असतो. तू रिक्षातून हात केलास की गर्दीत कोणाला केलास, मला नक्की माहीत नाही.

नवव्या दिवशी तू गेलास. छापखान्यात, अंक बघताना. हार्ट. नाक्यावर लोक काय काय बोलतात, पण तुझी बायको सुनंदा म्हणाली की डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि मी तिचं मानतो. तुला कोणी मारलं नाही. पण ज्या माणसावर दोन महिने असं ओझं होतं, त्यातलं अर्धं माझ्या मांडणीवर पडून होतं, हे मला कोणी डॉक्टर समजावू शकत नाही. तू गेल्याचं कळलं तेव्हा मला आधी काय वाटलं ते सांगू? आधी रडू आलं नाही. आधी वाटलं, आता माझं नाव कोणालाच माहीत नाही. मी सुटलो. आणि मग त्या सुटण्याचीच इतकी भीती वाटली की मी खाटेवर बसून राहिलो.

तुझी शोकसभा रविवारी संध्याकाळी झाली. हॉल भरला होता, कारागीर, गोडाऊनच्या बायका, शाळेतले मास्तर. मी मागच्या रांगेत दाराजवळ बसलो. आणि सेठ आला. मोठा हार घेऊन. त्याला माइक दिला, नाही कसं म्हणणार. तो रडला, विलास. खरं पाणी होतं, मी बघितलं. म्हणाला, "विलासभाई गरीबों के लिए दिल से लिखते थे. बस कभी कभी भावना में बह जाते थे. गलती किससे नहीं होती? हमने दिल से माफ़ कर दिया."

समोरच्या बायका डोळे पुसायला लागल्या. माझ्या शेजारचा मास्तर हळूच म्हणाला, "मोठ्या मनाचा माणूस आहे हो."

भावनेत वाहून गेला. तू. ज्याला मी वर्षानुवर्षं अळणी म्हणत होतो. तुझ्या त्या अकरा कोरड्या ओळींना तो माणूस रडून पुसत होता आणि हॉल हलका होत होता. तू सांगितलं होतंस अगदी तसा. नंतर संपादक उठले. खाली बघत म्हणाले, ती बातमी मागे घ्यावी लागेल, आपल्याकडे साक्षीदार नाही, चौकशीही या आठवड्यात बंद होतेय. विलासवर माझा विश्वास आहे, पण कागद नाही.

मी उठून निघालो. दारात सुनंदाने गाठलं.

"तुम्ही मुकादम ना? पाणी न प्यायलेले?"

तिच्या पिशवीत तुझी वही होती. म्हणाली, "सेठचा माणूस दोनदा आला वही मागायला. दिली नाही. हे वाचा. मला वाटतं तुमचंच आहे." आणि वही उलटी करून मागच्या बाजूने उघडली.

मला हे माहीतच नव्हतं. वहीच्या पुढून तू बातमीचं लिहायचास, आणि मागून, वही उलटी धरून, जे छापायचं नाही ते. मी जिन्यात उभा राहून बोट ठेवून वाचलं. वेळ लागला. सुनंदा थांबली.

तू लिहिलं होतंस: म्हातारा आला. सुनंदाने दोनदा पाणी दिलं, एकदाही प्यायला नाही. डबीची ओळ वाचली तेव्हा माझ्याकडे बघत होता, फळीची वाचली तेव्हा भिंतीकडे. त्याला घाबरलेलं बघून राग आला, मग स्वतःचा आला, माझी खोली माझ्या नावावर आहे. बातमीतून फळी काढली. जागा नव्हती असं स्वतःला सांगतोय. जागा होती. म्हाताऱ्याची दया आली. डबीही काढली. लोक डबीवर रडले असते. दोन्ही काढलं म्हणजे तराजू सारखा झाला असं वाटलं. झाला नाही. इतक्या वर्षांत दया आली म्हणून खरं अर्धं ठेवलेली ही पहिली बातमी. बरोबर केलं का चूक, कळत नाही. रामदुलारला विचारता येत नाही.

तर तुला वाटत होतं. मला वाटायचं त्याच्यापेक्षा जास्तच. आणि ते सगळं वहीच्या पाठीमागे.

पण मी कसा माणूस आहे तुला ठाऊक आहे. मला आधी आला तो राग. दया? माझी? आयुष्यात मी कोणाकडून दया घेतली नाही, तीन मागांच्या आवाजात नुसतं ऐकून कोणता माग आजारी ते ओळखणारा मुकादम मी, आणि तू मला न विचारता माझ्यावर दया करून, तिचं ओझं छातीवर घेऊन मरून गेलास. हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी सुनंदाच्या पाया पडलो, ती मुलीच्या वयाची, ती मागे सरकली.

घरी महेश होता. मी पान काढून खाटेवर ठेवलं आणि वहीतलंही सगळं सांगितलं. त्याने वाचलं. तो भराभर वाचतो. खालपर्यंत गेला आणि थांबला.

"बाबा, हे जाळा."

"का?"

"फळीचं लिहिलंय तुमच्या सहीने. सेठचं राहिलं बाजूला, पहिले तुम्हालाच धरतील. सेठ म्हणेल मुकादमने फळी काढली, मुकादमची चूक. अर्ध्या मिनिटात म्हणेल."

"म्हणेल."

"खोली जाईल. माझी नोकरी जाईल. माझ्या पोरांची शाळा इथली हाय."

तो बरोबर होता, विलास. तो काही वाईट पोरगा नाही, तोही फटीतून बघतो. मी त्याला एवढंच म्हटलं, "फळीची ओळ फाडून बाकीचं दिलं तर?" बायको भाकरी थापत होती, तिने वळून बघितलं नाही. म्हणाली, "विलासने बातमीतनं फाडलीच व्हती ना ती ओळ. त्याला झेपली न्हाय."

महेशने माचिस खाटेवर ठेवली आणि बाहेर गेला. ती बराच वेळ तिथेच होती. मग बायकोने उचलून स्टोव्हपाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुतलेला सदरा घातला. कडी काढायच्या आधी फटीतून बघितलं. या वेळी एक माणूस खरंच उभा होता. महेश होता. ड्युटीवर गेला नव्हता. माझ्याबरोबर चालायला लागला. कामगार कार्यालयाच्या पायऱ्यांशी थांबला. म्हणाला, "मी इथं उभा हाय."

आत जे साहेब चौकशीला आले होते तेच बसले होते. मी म्हटलं, त्या दिवशी मी खोटं बोललो. त्यांनी खुर्ची दिली, कारकुनाला बोलावलं. कारकून म्हणाला, "बाबा, कागद द्या, मी उतरवून घेतो." मी दिला नाही. म्हटलं, आधी वाचणार. असंच करतात. मी पाणी मागितलं आणि प्यायलो. मग बोट ठेवून वाचायला लागलो, तुझ्या आवाजात, बाजारातल्या यादीसारखं. तार. तीन वेळा. शिफ्ट. डबी. फळीची ओळ आली तेव्हा बोट हलेना. भिंतीकडे बघावंसं वाटलं. मी साहेबांकडे बघून ती वाचली.

कारकुनाने सगळं उतरवलं. मला म्हणाला, "घाबरू नका बाबा."

मी म्हटलं, "घाबरलोय. ते लिवा."

"असं जबाबात लिहीत नाहीत."

"मंग मी हितंच बसतो."

साहेबांनी मान हलवली. कारकुनाने खाली एक ओळ वाढवली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी पेन घेतलं नाही. म्हटलं, वाचून दाखव. त्याने पहिल्यापासून वाचलं. शेवटी वाचलं, साक्षीदार सांगताना घाबरलेला होता. मी म्हटलं, बरोबर. आणि सही केली.